कागदाला न टेकणारी लेखणी

चेन्नई शहरात सकाळच्या वेळी गल्लोगल्ली एक दृश्य हमखास दिसते. पाण्याच्या कॅनने भरलेली छोटी गाडी थांबते आणि गाडीवाला एकेक कॅन खांद्यावर घेऊन घरोघरी पोहोचवतो. वीस लिटर पाण्याचा हा कॅन तेथील बोलीत ‘तण्णी कॅन’ म्हणून ओळखला जातो. चेन्नईला बारमाही नदीचा आधार नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. अशा शहरात विकतचे पाणी ही अनेक कुटुंबांची रोजची गरज आहे.

कॅन दारात उतरवून घेताना जाणती गृहिणी प्रथम त्याच्या झाकणाकडे पाहते. झाकणावर किंवा त्याभोवतीच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर बारीक काळे अंक असतात. ती पाण्याची तारीख असते. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने तो केवळ एक डाग आहे. ज्याला वाचता येते, त्याच्या दृष्टीने तो एक छोटासा दस्तऐवज आहे. पाणी केव्हा भरले आणि ते केव्हापर्यंत पिण्यायोग्य आहे, हे तो सांगतो.

हे अंक जरा निरखून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. ते अखंड रेषांनी काढलेले नसून सुट्या सुट्या ठिपक्यांनी बनलेले असतात. हे अंक लिहिताना कोणत्याही निबेचा, कुंचल्याचा किंवा ठशाचा त्या प्लॅस्टिकला स्पर्श झालेला नाही. शाईचे थेंब हवेतून उडत येऊन तेथे बसले आहेत. या पद्धतीला ‘इंकजेट’, म्हणजे शाईच्या फवाऱ्याने लिहिण्याची पद्धत म्हणतात. कार्यालयातील छपाईयंत्रात ती असते, कारखान्यात असते आणि आता हातात धरता येणाऱ्या विद्युत लेखणीतही आली आहे. ही लेखणी कशी घडली, ती कशी चालते आणि तिने लिहिलेल्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे समजून घेणे आजच्या प्रत्येक ग्राहकाच्या हिताचे आहे.

समुद्राखालची तार आणि उडती शाई

या लेखणीची मूळ कल्पना पाहण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. त्या काळी चेन्नईचे नाव मद्रास होते. १८७० साली मुंबई ही समुद्राखालून टाकलेल्या तारेने एडन व सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. पाठोपाठ १८७१ साली मद्रासहून समुद्रतळावरून गेलेल्या तारेने पेनांग व सिंगापूर जोडले गेले. मद्रास ते पेनांग हे अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. इतक्या दूरचा संदेश तारेतून येताना विजेचा प्रवाह अत्यंत क्षीण होई.

हा क्षीण संदेश टिपून घेणे हा त्या काळातील मोठाच प्रश्न होता. जमिनीवरील तारायंत्रे असा दुर्बळ प्रवाह ओळखू शकत नसत. म्हणून एक लहानसा आरसा प्रवाहाने किंचित वळेल, अशी योजना करण्यात आली. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका डावीउजवीकडे सरकताना पाहून कर्मचारी संदेश ओळखत असे. हे काम डोळ्यांना थकवणारे होते आणि संदेशाचा लेखी पुरावाही मागे राहत नसे. ठिपका नजरेतून निसटला की अक्षर निसटले.

ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम टॉमसन यांनी यावर उपाय शोधला. हेच पुढे लॉर्ड केल्विन या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांनी १८६७ साली अशा लांब समुद्री तारांसाठी एका नव्या संदेशलेखक यंत्राचे पेटंट घेतले. केसासारखी बारीक काचेची नळी घेऊन तिचे एक टोक शाईत बुडवलेले असे. दुसरे टोक सरकत्या कागदी पट्टीच्या अगदी जवळ, परंतु तिला न टेकता धरलेले असे. नळी कागदाला टेकली असती, तर घर्षणामुळे दुर्बळ प्रवाहाला ती हलवताच आली नसती. टॉमसन यांनी शाईलाच विद्युतभार दिला. भारित शाई कागदाकडे ओढली जाई आणि नळीच्या टोकातून सूक्ष्म तुषारांच्या रूपाने कागदावर पडे. प्रवाह आला की नळी डावीकडे वा उजवीकडे झुके आणि कागदावर नागमोडी, ठिपक्यांची रेघ उमटत जाई.

दमट हवेत असा विद्युतभार टिकवणे अवघड असते. पुढे शाईला भार देण्याऐवजी नळीलाच सूक्ष्म कंपने देण्याची पद्धत आली. मूळ तत्त्व मात्र कायम राहिले. लेखणीला कागदाचा स्पर्श टाळता आला, तर अत्यंत हलक्या इशाऱ्यावरही ती लिहू शकते. आजच्या इंकजेट लेखणीचा पाया हाच आहे.

धार तुटते, थेंब होतो

पाण्याचा नळ अगदी बारीक सोडून पाहावा. तोटीजवळ धार काचेच्या काडीसारखी सलग दिसते. थोडे खाली गेल्यावर मात्र ती तुटते आणि तिचे थेंब होतात. असे का होते? द्रवाच्या पृष्ठभागावर एक प्रकारचा ताण असतो. या ताणामुळे द्रव आपला पृष्ठभाग शक्य तितका कमी करू पाहतो. लांब धारेपेक्षा गोल थेंबाचा पृष्ठभाग कमी असतो. म्हणून धारेत जरा जरी कंप निर्माण झाला, तरी ती थेंबांत विभागली जाते. बेल्जियमचे जोसेफ प्लातो आणि इंग्लंडचे लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात या घटनेचा अभ्यास करून तिचे नियम मांडले.

हे नियम माहीत झाल्यावर पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. नळाच्या धारेचे थेंब लहानमोठे पडतात. लेखनासाठी मात्र प्रत्येक थेंब सारखा, हव्या त्या क्षणी आणि हव्या त्या जागी पडला पाहिजे. थेंब पाडणे सोपे होते, परंतु त्यावर ताबा मिळवायला माणसाला बराच काळ लागला.

पहिले यश वैद्यकाच्या क्षेत्रात आले. स्वीडनचे रूने एल्मक्विस्ट हे डॉक्टर होते आणि यंत्रनिर्मितीतही निपुण होते. हृदयाची स्पंदने कागदावर नोंदवताना जड लेखणी मागे पडते, हे त्यांनी पाहिले. त्यांनी अत्यंत हलक्या काचेच्या नळीतून शाईची बारीक धार सोडणारे नोंदयंत्र तयार केले आणि १९५१ साली त्याचे पेटंट मिळवले. याच एल्मक्विस्ट यांनी तयार केलेले हृदयगती नियंत्रित करणारे यंत्र १९५८ साली प्रथमच रुग्णाच्या शरीरात बसवण्यात आले.

यानंतर १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी शाईच्या धारेला ठरावीक गतीने कंपित करून एकसारखे थेंब मिळवले. प्रत्येक थेंबाला हवा तितका विद्युतभार देऊन त्याची दिशा वळवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. जे थेंब नको असतील, ते परत शाईच्या टाकीत जमा होतात. कारखान्यातील सरकत्या पट्ट्यावरून वेगाने जाणाऱ्या बाटल्या, डबे व पिशव्यांवर तारीख छापण्यासाठी ही पद्धत आजही वापरली जाते.

हवा तेव्हाच थेंब

सतत धार सोडायची आणि नको ते थेंब परत गोळा करायचे, यासाठी पंप, टाकी, नळ्या असा मोठा संसार लागतो. तो हातात धरता येत नाही. हातात मावणाऱ्या लेखणीसाठी हवा तेव्हाच थेंब सोडणारी युक्ती हवी होती. ती दोन मार्गांनी साध्य झाली.

पहिला मार्ग दाबाचा आहे. काही स्फटिकांना विजेचा झटका दिला की ते आपला आकार किंचित बदलतात. असा स्फटिक शाईच्या सूक्ष्म कप्प्याला लावला, तर विजेच्या प्रत्येक झटक्यासरशी कप्पा दाबला जातो आणि एक थेंब बाहेर पडतो. पिचकारीचा दट्ट्या दाबावा, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की हा दट्ट्या एका सेकंदात हजारो वेळा दाबला जातो.

दुसरा मार्ग उष्णतेचा आहे. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीत इचिरो एंडो नावाचे अभियंते काम करीत होते. तापलेल्या डाख देण्याच्या सळईचा स्पर्श शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला झाला आणि सुईतून शाई उडाली. या साध्या प्रसंगातून त्यांना कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्याच सुमारास अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतही स्वतंत्रपणे हेच तत्त्व शोधले जात होते. शाईच्या कप्प्यातील सूक्ष्म तापकाला क्षणभर वीज दिली की त्यालगतच्या शाईची वाफ होऊन एक बुडबुडा तयार होतो. बुडबुडा फुगताना समोरची शाई छिद्रातून बाहेर ढकलतो. लगेच तो विरतो आणि रिकाम्या जागेत नवी शाई शिरते. ही सारी क्रिया सेकंदाच्या लहानशा अंशात पार पडते.

१९८४ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने ‘थिंकजेट’ नावाचे छपाईयंत्र बाजारात आणले. त्यातील महत्त्वाची सुधारणा अशी, की शाई, छिद्रे व तापक हे सर्व एकाच लहान डबीत होते. शाई संपली की पूर्ण डबीच बदलायची. या डबीला कार्ट्रिज म्हणतात. लिहिण्याची मुख्य सामग्री अशी मुठीत मावू लागल्यामुळे पुढे हातातील लेखणीचा मार्ग मोकळा झाला.

या थेंबांचा आकार समजण्यासाठी एक हिशेब करून पाहता येईल. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातील एका भागाला पिकोलिटर म्हणतात. एका थेंबात दहा पिकोलिटर शाई आहे, असे धरले तर पाच मिलिलिटरच्या चमच्यात मावणाऱ्या शाईतून पन्नास कोटी थेंब निघतील. ज्या छिद्रांतून हे थेंब बाहेर पडतात, ती माणसाच्या केसाच्या जाडीहूनही लहान असतात.

यंत्र हातात आले

हातातील इंकजेट लेखणीत चार प्रमुख भाग असतात. पहिला भाग शाईची डबी. दुसरा भाग बॅटरी. तिसरा भाग लहानसा संगणक. काय लिहायचे ते त्याच्या स्मरणात साठवलेले असते. मजकूर लेखणीच्या पडद्यावर टंकित करता येतो किंवा मोबाइलवरून बिनतारी पद्धतीने पाठवता येतो. चौथा भाग गती ओळखणारा. त्याचे महत्त्व विशेष आहे.

छपाईयंत्रात कागद किती सरकला हे यंत्राला ठाऊक असते, कारण तो यंत्रच सरकवते. हातातील लेखणी मात्र माणूस फिरवतो. माणसाचा हात कधी वेगाने फिरतो, कधी रेंगाळतो. म्हणून लेखणीच्या तळाशी एक लहान चाक किंवा प्रकाशाने पृष्ठभाग पाहणारा डोळा बसवलेला असतो. संगणकाच्या माउसमध्येही असाच डोळा असतो. हात किती सरकला ते त्यावरून कळते. हात वेगाने फिरला तर थेंबही वेगाने सुटतात, हात थांबला तर थेंबही थांबतात. त्यामुळे अक्षरे ताणली जात नाहीत आणि एकमेकांवर चढतही नाहीत.

अशी यंत्रे गोदामांत, लहान कारखान्यांत व बांधणीच्या कामात वापरली जातात. लाकडी खोका, पाइप, सिमेंटची गोणी किंवा पत्रा यांसारख्या वस्तू छपाईयंत्रात घालता येत नाहीत. अशा वेळी वस्तू यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्रच वस्तूकडे नेता येते. यांतील बरीच यंत्रे एका फटक्यात सुमारे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर उंचीची ओळ छापतात. काहींचा आकार पिस्तुलाच्या मुठीसारखा असतो, तर काही जाड पेनासारखी असतात.

ठिपक्यांची लिपी

ही लेखणी अक्षर ओळखत नाही, तिला केवळ ठिपके ठाऊक असतात. साधा इंग्रजी अंक किंवा अक्षर रुंदीला पाच आणि उंचीला सात, अशा पस्तीस जागांत बसवता येते. कोणत्या जागी थेंब टाकायचा आणि कोणती जागा कोरी सोडायची, एवढे ठरले की अंक उमटतो.

देवनागरी व तमिळ या लिप्यांची गोष्ट निराळी आहे. देवनागरीत शिरोरेषा आहे, वर वेलांटी व मात्रा आहेत, खाली उकार आहेत आणि जोडाक्षरेही आहेत. तमिळ अक्षरांना गोलाकार वळणे आहेत. यासाठी उभ्या दिशेने अधिक ठिपके लागतात. कमी ठिपक्यांच्या यंत्रावर ‘कि’ आणि ‘की’ यांतील भेद दाखवणेही कठीण होते.

यासाठी प्रथम भारतीय लिप्या संगणकाला समजाव्या लागल्या. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. पुढे युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला. तीत देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, तर तमिळ ‘क’चा क्रमांक २९६५ आहे. क्रमांक मिळाला की संगणक त्या अक्षराचे चित्र शोधतो आणि चित्राचे ठिपके करतो. म्हणून आता दाट ठिपक्यांची लेखणी चेन्नईत तमिळ आणि कोल्हापुरात मराठी सारख्याच सहजतेने लिहू शकते.

लेखणीच्या मर्यादा

प्रत्येक साधनाला मर्यादा असतात, तशा या लेखणीलाही आहेत. छिद्रे इतकी बारीक असतात की शाई वाळून ती बुजतात. लेखणी बरेच दिवस वापरली नाही, तर काही छिद्रांतून थेंबच पडत नाही आणि अक्षरात आडवी पांढरी रेघ दिसते. लेखणी पृष्ठभागापासून थोडी जरी दूर गेली, तरी थेंब विस्कटतात आणि अक्षर पुसट होते.

शाईची निवडही पृष्ठभागानुसार करावी लागते. कागद व पुठ्ठा शाई शोषून घेतात, म्हणून तेथे पाण्याची शाई चालते. प्लॅस्टिक, काच व धातू शाई शोषत नाहीत. तेथे लवकर उडून जाणारे द्रावक असलेली शाई वापरतात. द्रावक काही सेकंदांत उडून जाते आणि रंग पृष्ठभागाला चिकटून राहतो. चुकीची शाई वापरली तर बोट फिरवताच ती पसरते. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत पाण्याची शाई वाळण्यास अधिक वेळ लागतो.

कल्पना आणि प्रत्यक्ष यांतील अंतरही ध्यानात घ्यावे लागते. २०१४ साली एका नव्या पेनाची जगभर चर्चा झाली. कोणत्याही वस्तूचा रंग ओळखून तोच रंग शाईतून तयार करणारे हे पेन असेल, असे सांगण्यात आले. लोकांनी त्यासाठी आगाऊ पैसेही देऊ केले. परंतु पेन खरोखर तसे चालते का, याविषयी शंका उपस्थित झाल्या आणि निधी उभारण्याची ती मोहीम थांबली. नवीन साधनाची जाहिरात पाहताना ते प्रत्यक्ष चालताना पाहावे, हा त्यातील धडा आहे.

सर्वांत मोठी मर्यादा आणखी वेगळी आहे. ही लेखणी अक्षरे लिहिते, पण ती हस्ताक्षर लिहीत नाही. साध्या पेनाने लिहिताना प्रत्येक वळण माणसाच्या मनातून व बोटांतून येते. येथे हात केवळ पुढे सरकतो. अक्षराचे वळण आधीच ठरलेले असते.

हाताचे काय झाले?

इंकजेटमुळे हाताच्या कलेवर काय परिणाम होतो, याचे उदाहरण चेन्नईतच पाहायला मिळते. चेन्नईचा माउंट रोड, म्हणजेच आजची अण्णा सलाई, एके काळी हाताने रंगवलेल्या भव्य चित्रफलकांसाठी प्रसिद्ध होता. चित्रपटांतील नटनट्या आणि राजकीय नेते यांच्या उंचच उंच प्रतिमा रस्त्याच्या कडेला उभ्या असत. चित्रकार लहान छायाचित्रावर चौकटी आखत आणि तितक्याच चौकटी मोठ्या फलकावर आखून कुंचल्याने चेहरा रंगवत. एका फलकावर अनेकांचे हात राबत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतरच्या वर्षांत प्लॅस्टिकच्या कापडावर छपाई करणारी मोठी इंकजेट यंत्रे आली. फलक काही तासांत आणि कमी खर्चात तयार होऊ लागला. अनेक चित्रकारांचे काम गेले. काहींनी संगणक शिकून घेतला, काहींना दुसरा व्यवसाय पत्करावा लागला. महाराष्ट्रातही दुकानांच्या पाट्या व चित्रपटांचे फलक रंगवणाऱ्या पेंटरांची अशीच अवस्था झाली. थेंबांनी काम स्वस्त केले, पण कौशल्याचे मोल घटवले. तंत्राच्या प्रत्येक लाभाबरोबर कोणाच्या तरी पदरी येणारे हे नुकसान विसरता येत नाही.

तारीख कोणाची?

हातातील इंकजेट लेखणीमुळे एक निराळा प्रश्नही निर्माण झाला आहे. तो थेट ग्राहकाच्या आरोग्याशी संबंधित आहे. पूर्वी वस्तूवर तारीख छापणे हे कारखान्यातील मोठ्या यंत्राचे काम होते. आता तेच काम मुठीतील यंत्राने होते. प्रामाणिक लहान उद्योजकाला यामुळे मोठी सोय झाली. घरगुती लोणची वा पापड करणाऱ्या बचत गटालाही आपल्या मालावर स्वच्छ तारीख छापता येते. परंतु जे यंत्र खरी तारीख छापते, तेच खोटीही छापू शकते. मुदत संपलेल्या मालावरील तारीख द्रावकाने पुसून नवी तारीख छापल्याची प्रकरणे देशात वेळोवेळी उघडकीस आली आहेत. हा गुन्हा आहे. लेखणीला खरेखोटे कळत नाही. ते कळण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आणि वाचणाऱ्यावर असते.

वेष्टनावर काय असावे, हे कायद्याने ठरवलेले आहे. २०११ पासून लागू असलेल्या वैध मापनशास्त्र नियमांनुसार वेष्टित वस्तूवर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन वा माप, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती असावी लागते. खाद्यपदार्थावर उत्पादनाचा किंवा वेष्टनाचा दिनांक, वापरण्याची अंतिम तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो. औषधांच्या बाबतीत १ ऑगस्ट २०२३ पासून निवडक तीनशे औषधांच्या वेष्टनांवर मोबाइलने वाचता येणारा संकेत छापणे बंधनकारक झाले आहे.

ही माहिती बहुधा इंग्रजी आद्याक्षरांत असते. म्हणून ती ओळखता येणे आवश्यक आहे. ‘एम.एफ.डी.’ म्हणजे उत्पादनाचा दिनांक. ‘पी.के.डी.’ म्हणजे वेष्टन केल्याचा दिनांक. ‘ई.एक्स.पी.’ म्हणजे ज्यानंतर वस्तू वापरू नये ती तारीख. ‘बी. नं.’ म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या मालाचा गट क्रमांक. ‘एम.आर.पी.’ म्हणजे कमाल किरकोळ किंमत. आपल्याकडे तारखेत प्रथम दिवस, मग महिना आणि शेवटी वर्ष लिहितात. अंकांच्या दोनच जोड्या असतील तर पहिली महिन्याची व दुसरी वर्षाची समजावी.

तारीख वाचताना ठिपकेही पाहावेत. ओल्या बोटाने हलके घासल्यास अंक पसरतात का? अंकांमागे जुन्या अंकांची पुसट सावली दिसते का? बाहेरील खोक्यावरील तारीख व गट क्रमांक आतील वस्तूवरील तारखेशी व क्रमांकाशी जुळतो का? कॅनचे झाकण आधी उघडलेले तर नाही ना? ठिपके पुसट असणे म्हणजे फसवणूकच, असे नव्हे. छिद्र बुजल्यानेही अंक पुसट होतात. परंतु यांपैकी काही शंकास्पद आढळले, तर वस्तू न घेणे आणि विक्रेत्याकडे विचारणा करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पावती जपून ठेवावी, वेष्टनाचे छायाचित्र काढावे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवता येते. चेन्नईत १९८५ साली स्थापन झालेल्या ‘सिटिझन कन्झ्युमर अँड सिव्हिक ॲक्शन ग्रुप’ या संस्थेने ग्राहकांना त्यांच्या हक्कांची जाणीव करून देण्याचे काम केले आहे. महाराष्ट्रात मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून असेच कार्य करीत आहे.

समारोप

समुद्राखालच्या तारेतून आलेला क्षीण संदेश कागदावर उतरावा, म्हणून शाई प्रथम हवेतून उडाली. पुढे तिने हृदयाची स्पंदने टिपली, कार्यालयातील पत्रे छापली आणि शेवटी ती माणसाच्या मुठीत आली. या सर्व प्रवासात थेंब अधिकाधिक लहान, वेगवान आणि आज्ञाधारक होत गेला. परंतु त्याला आज्ञा देणारा माणूसच राहिला आणि त्याने लिहिलेले तपासणाराही माणूसच आहे.

लांब समुद्री तारेच्या टोकाशी बसणाऱ्या कर्मचाऱ्याला कागदी पट्टीवरील नागमोडी रेघ वाचता येत होती, म्हणूनच त्या रेघेला अर्थ होता. आज दारात उतरलेल्या पाण्याच्या कॅनवरील ठिपक्यांचेही तसेच आहे. ते कितीही सुबक छापले, तरी वाचणारा नसेल तर ते निव्वळ डाग आहेत. झाकणाकडे पाहून तारीख वाचणारी आणि मुदत उलटलेला कॅन परत करणारी गृहिणी आपल्या घरातील मुलांचे आरोग्य राखते. साक्षरतेचा हा अगदी साधा, पण रोज उपयोगी पडणारा लाभ आहे.